बंदुकीला येणारा चंदनाचा वास

बंदूक उडाली की जळक्या दारूचा वास येतो, एवढं ज्ञान मला लग्नानंतर झालं. पण चंदनाचा वास येतो असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला सरळ वेड्यात काढलं असतं. मी साताऱ्याकडची. आमच्या घरात पूजाअर्चा बेताची आणि वादविवाद भरपूर. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि तो नाही हे चारचौघांत मोठ्याने सांगायची खोडही मला आहे. तरी तो वास मी माझ्या नाकाने घेतलाय, भर उन्हात, पुन्हा पुन्हा.

तेव्हा आम्ही चेन्नईत, वेस्ट मांबलमला एका जुन्या फ्लॅटमध्ये राहत होतो. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. नवरा गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात होता आणि रविवार हा त्याचा झोपेचा दिवस होता. मी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. घरात तिसरे होते मामंजी, म्हणजे माझे सासरे. हे लोक मूळचे तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून त्यांनी मराठी टिकवली होती, पण ती अशी की लग्न होऊन आल्यावर पहिले काही महिने मी नुसती मान डोलवत असे.

मामंजींना नेमबाजीचा नाद होता. शहर संपून मोकळी जमीन लागते तिथे एक रेंज होती. यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडवायच्या आणि त्या खाली पडायच्या आत फोडायच्या, एवढाच खेळ. त्यांची बंदूक परदेशी, एकनळी, एक काडतूस उडालं की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकून पुढचं काडतूस स्वतःच भरणारी. परवान्याची, फार जुनी, आणि जिवापाड जपलेली. सासूबाई त्यांच्याबरोबर नेहमी जायच्या. त्यांना बंदुकीत काडीचा रस नव्हता. उजव्या बाजूला, बऱ्याच लांब, एक घडीची ॲल्युमिनियमची खुर्ची टाकून त्या बसायच्या, कॉफीचा थर्मास मांडीवर ठेवून.

सासूबाई एका उन्हाळ्यात गेल्या. ताप आला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. त्यानंतर मामंजींना रेंजवर न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांचा डावा डोळा पूर्वीच गेलेला होता, पडदा सुटून. उजव्यावर सगळा कारभार, आणि त्याचाही पडदा विरलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की डोक्याला हिसका बसेल असं काही करू नका, हा गेला तर काळोख आहे. मामंजींनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की बंदूक कधीच सोडली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हळू उडवतों मा, चुम्मा." चुम्मा म्हणजे उगीच, सहज. बंदूक सहज कशी उडवतात हे मी विचारलं नाही. रविवारी सकाळी मी निमूट गाडी काढत असे, आणि गाडीत त्यांची बंदूक असे, काडतुसं असत आणि सासूबाईंची खुर्चीही असे.

खुर्ची तिच्या जागेवर मांडल्याशिवाय ते पहिलं काडतूस भरत नसत. मी एकदा ती जरा जवळ ओढली, सावलीत बसावं म्हणून. ते लगेच म्हणाले, "तिकडेंच असूं दे. तिची जागा ती." नवरा गेल्यावर बायका कुंकवाची डबी जपून ठेवतात, यांनी खुर्ची ठेवली, त्यात काय एवढं.

वर्षश्राद्ध झालं, दसरा आला आणि गेला, आणि त्यानंतरच्या एका रविवारी ते सुरू झालं. मामंजींनी चाप ओढला. आवाज मला वेगळा वाटला, जास्त कोरडा, आतून काहीतरी आदळल्यासारखा. त्यांचा खांदा जोरात मागे गेला, मान हलली. आणि रिकामी पुंगळी, जी एरवी चार पावलांवर गवतात पडायची, ती उजवीकडे उंच उडाली, उन्हात लकाकली आणि थेट सासूबाईंच्या खुर्चीच्या पायावर जाऊन टणकन आदळली.

मग वास आला. आधी दारूचा, आणि त्याच्या मागोमाग चंदनाचा. देवघरातल्या ओल्या गंधाचा नव्हे, जळत्या चंदनाचा. आमच्या आसपास एकही झाड नव्हतं, घर नव्हतं, देऊळ नव्हतं.

मामंजी बंदूक खाली घेऊन उभे राहिले. खुर्चीकडे बघत म्हणाले, "आली."

मला त्यांचा राग आला. खरं म्हणजे भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी म्हटलं, कोण आली, वारा आलाय तिकडून, कुठेतरी उदबत्तीचा कारखाना असेल. त्यांनी दुसरं काडतूस उडवलं. दुसरी पुंगळीही खुर्चीवर. तिसरी खुर्चीच्या पलीकडे पडली, पण अगदी जवळ. आणि दर वेळी तो वास, जरा जरा वाढत चाललेला. वारा समुद्राकडून होता, म्हणजे आमच्या पाठीमागून, आणि वास आमच्या पुढ्यात येत होता. घरी येईपर्यंत मी गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवल्या.

नवऱ्याला सांगितलं. तो उशीतून म्हणाला, बाबांची जुनी जवादची, त्या सुगंधी पुडीची, डबी खिशात असेल. सगळ्या गोष्टींची डबी शोधायची त्याची सवय आहे. मी खिसे तपासले. डबी नव्हती.

असं काही महिने चाललं. मामंजी खुलले. खोटं कशाला सांगू, सासूबाई गेल्यापासून ते पहिल्यांदा पोटभर जेवायला लागले होते. रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी उठायच्या आधी तयार असत. पण सोमवारी त्यांचा उजवा खांदा काळानिळा असायचा, आणि ते पेपर डोळ्याच्या अगदी जवळ धरून वाचायचे. बंदूक दर खेपेला जास्त जोरात हिसका देत होती, आणि ते तो आनंदाने खात होते. एकच डोळा शिल्लक असलेला माणूस आपणहून त्या डोळ्यावर हातोडा मारून घेत होता आणि मी त्याला तिथे गाडीने नेत होते.

शेवटी एका रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे. मी तरातरा चालत गेले आणि त्या खुर्चीत बसले. पुंगळ्या खुर्चीवर येतात त्या खुर्ची तिथे आहे म्हणून, त्यात आत्म्याबित्म्याचा संबंध नाही, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. मामंजींनी वळून बघितलं नाही. तबकडी उडाली, बार झाला, आणि पुंगळी वरून फिरत फिरत आली ती माझ्या मांडीत पडली. नुकत्याच उतरवलेल्या कॉफीच्या वाटीसारखी गरम. तिला चंदनाचा वास येत होता. माझ्या मांडीत, माझ्या हातात, तो वास.

मामंजी वळले. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. एका डोळ्याने माझ्याकडे बघत, मला कधीही न ऐकवलेल्या आवाजात, हलकेच म्हणाले, "कॉफी आहे कीं संपली गे?"

मला ते कधीच गे म्हणत नसत. मला ते मा म्हणत, तमिळ धर्तीवर. मी खुर्चीतून अशी उठले की खुर्ची उलटी झाली. तेव्हा ते म्हणाले, "अय्यो, तूं होतीस कां." त्यांच्या आवाजातली निराशा मला आजही ऐकू येते.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून लवकर निघून, खुर्चीपाशी पडलेल्या पुंगळ्या पर्समध्ये टाकून, मी शहरातल्या एका बंदुकांच्या दुकानात गेले. मामंजींचं जुनं दुकान, दुरुस्तीचाही परवाना असलेलं. मालक गोलमटोल आणि बोलघेवडे. पुंगळ्यांच्या पितळी कडा त्यांनी भिंगाखाली धरल्या. कडा ओरबाडल्यासारख्या झाल्या होत्या. मग एक पुंगळी नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं.

"या तुम्ही देवघरात ठेवता का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी पुंगळी जरा लांब ठेवली.

मग त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. काडतूस उडतं तेव्हा नळीतल्या गरम वायूतला थोडासा एका बारीक भोकातून खाली येतो. तिथे नळीच्या पोटाला एक ठोकळा असतो, त्याला गॅस ब्लॉक म्हणतात. त्यातला वायू एका दट्ट्याला मागे ढकलतो, दट्ट्या सगळी यंत्रणा मागे नेतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस आत येतं. वायू हवा तेवढाच आला तर हे सगळं गुमान होतं. जास्त आला तर यंत्रणा मागे आदळते, पुंगळ्या लांब फेकल्या जातात, त्यांच्या कडा फाटतात आणि खांद्याची वाट लागते. "तुमच्या सासऱ्यांच्या बंदुकीला वायू जास्त होतोय," ते म्हणाले. "बंदूक म्हातारी झाली की असं होतं. भुतं नसतात त्यात." मी भुताचा शब्दही काढला नव्हता.

उपाय म्हणजे ब्लॉक बदलायचा, वायू कमी-जास्त करता येईल असा बसवायचा. त्यांच्याकडे दोन प्रकार मिळण्यासारखे होते. एकात स्प्रिंगची झडप असते, जादा झालेला वायू ती आपली आपण बाहेर सोडते, माणसाने काही करायचं नाही. दुसऱ्यात एक स्क्रू असतो, तो चावीने आवळला की आत येणारा वायूच कमी होतो, उघडला की वाढतो. मला पहिला आवडला. माणसाच्या हातात काही ठेवूच नये या मताची मी आहे, आणि मामंजींच्या हातात तर मुळीच नाही. मालक म्हणाले, स्प्रिंगवाला साधारण बरा, पण हलकी काडतुसं आणि दुबळा डोळा असेल तर स्क्रूवाला घ्या, अगदी कमीत कमीवर आणून ठेवता येतो.

घरी येऊन मी जेवताना विषय काढला. मामंजींनी हातातला घास खाली ठेवला.

"नको," ते म्हणाले.

"मामंजी, बंदूक बिघडलीय. म्हणून पुंगळ्या तिथवर जातात."

"बिघडूं दे."

"आणि डोळा?"

ते अगदी सहज, शेजारच्या बाईबद्दल सांगावं तसं म्हणाले, "डोळ्यांतच तर दिसते ती आतां. चार दिवस झालें. इकडे, कोपऱ्यांत." त्यांनी उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट नेलं. "काळा पदर दिसतो. मान वळवली कीं सरकतो. मधेंच लख्ख होतें, दिवा लावल्यासारखें."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलेलं होतं, लख्ख प्रकाश दिसला, काळं सावट आलं, पडदा ओढल्यासारखं झालं, तर वेळ घालवू नका. सासूबाईंचा पदर नव्हता तो. मामंजींचा डोळा सुटत होता.

ताट तसंच टाकून आम्ही निघालो. डोळा थोडक्यात वाचला. फाटत आलेल्या ठिकाणी लेझर मारून त्यांनी तो धरून ठेवला. बाहेर बाकावर बसून मी इतकी रडले की नवरा मला पाणी आणायला गेला तो पाणी न आणताच परत आला. डॉक्टर मामंजींना रागावले नाहीत, त्याने मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाले की पुन्हा असा हिसका बसला तर मला काही करता येणार नाही. बंदूक सोडाच. आणि अगदीच राहवत नसेल, तर काही महिने जाऊ द्या, धक्का जवळजवळ नाहीसा करा, आणि मोजकीच काडतुसं.

ते महिने घरात फार वाईट गेले. मामंजी गॅलरीत बसून राहायचे. कोपऱ्यातला पदर गेला होता, आणि तो गेला म्हणून ते आमच्यावर रुसले होते. जेवण पुन्हा सुटलं. एकदा मला म्हणाले, "तुम्हीं लोकांनीं मशीन लावून तिला जाळलें." मी त्यांच्यापुढे दहीभात ठेवला आणि आत गेले.

शेवटी मीच हरले. असं झिजत बसण्यापेक्षा मऊ केलेली बंदूक परवडली, असं मला वाटलं. मामंजी तयार झाले, पण एका अटीवर. ब्लॉक ते निवडणार. आम्ही तिघं बंदूक घेऊन दुकानात गेलो. मालकांनी दोन्ही ब्लॉक काचेवर मांडले. मामंजींनी स्प्रिंगवाल्याला हातही लावला नाही. स्क्रूवाला उचलला, डोळ्याजवळ नेऊन फिरवला आणि विचारलं, "आवळलेला पुन्हा उघडतां येतो, खरें ना?"

मालक म्हणाले, येतो की. ते कशासाठी उघडायचा म्हणत होते हे मला लख्ख कळलं होतं.

मालकांनी बंदुकीचा पुढचा लाकडी भाग उतरवला आणि जुना ब्लॉक उघडा केला. आणि सगळं दुकान चंदनाने भरलं. काउंटरवरचा माणूस मान वर करून बघायला लागला. मालकांनी दिवा जवळ ओढला. जुन्या ब्लॉकलाही जादा वायू बाहेर सोडायला बारीक भोकं होती, हे त्यांनी दाखवलं म्हणून कळलं, कारण भोकं दिसतच नव्हती. ती काळपट तपकिरी कशाने तरी बुजली होती. दट्ट्यावर, नळीच्या पोटाशी, सगळीकडे त्याचाच भाजलेला थर. त्यांनी दाभणाने एक ढलपा काढला, बोटांत चुरला आणि वास घेतला.

"गंध आहे," ते म्हणाले.

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा सगळेच करतात. त्या मुलखात तर रिक्षापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्याला त्या दिवशी गंध-कुंकू लागतं. पण आमच्या सासरी शस्त्र अख्खं मांडत नाहीत. ते उघडायचं, तुकडा न् तुकडा पाटावर देवीपुढे ठेवायचा आणि प्रत्येकाला गंध लावायचं. रात्रभर तसंच ठेवायचं आणि दसऱ्याला सकाळी जोडायचं. सासूबाई गेल्या त्या वर्षी पूजा झालीच नव्हती; वर्षश्राद्धानंतरच्या नवमीला मामंजींनी पूजा एकट्याने केली होती, देवघराचं दार लोटून. सहाणेवर उगाळायला बसवेना, म्हणून दुकानातली चंदनाची पूड आणून घट्ट कालवली होती. त्या पुडीत डिंक असतो. बायकोच्या नावाने हात सैल सोडून त्यांनी ते प्रत्येक तुकड्याला माखलं होतं.

मालक म्हणाले की वायूला बाहेर जायला वाटच नव्हती, तो सगळा दट्ट्यावर येत होता. बंदूक म्हातारी झालेली नाही, तिचं नाक दाबलंय.

मामंजी मानायला तयार नव्हते. "तीस-तीस वर्षं गंध लावतो आम्ही हिला," ते तमिळमधून ओरडलेच जवळजवळ. "कधी अडलं नाही!"

"मग कोणीतरी पुसत असेल," मालक म्हणाले. त्यांच्या दृष्टीने बोलणं तिथे संपलं होतं. ते ब्रश शोधायला वळले.

मामंजींनी काचेच्या कडेला धरलं. मी पुढे झाले, चक्कर आली की काय म्हणून. ते माझ्याकडे न बघता, हळू, आपल्या त्या जुन्या मराठीत बोलायला लागले. "दसऱ्याला सकाळीं तुकडे ओले असायचे. मी स्नान करून यायचों, तर पाट पुसलेला, तुकडे ओलसर. मला वाटायचें फुलें उचलतांना पाणी सांडलें. दर वर्षीं वाटायचें." ते थांबले. "एकदां रागावलोंसुद्धां तिला. लोखंडावर पाणी सांडतेस म्हणून."

सासूबाईंनी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नसेल. पूजा झाली की भांडी घासायची, तसे तुकडे पुसायचे.

"म्हणजे ती आली म्हणून नव्हता तो वास," मामंजी म्हणाले. "ती नव्हती म्हणून होता."

मालकांनी सगळा थर खरवडून, धुऊन, पुसून काढला. आतले भाग मार खाऊन ढिले झाले होते, म्हणून नवा ब्लॉक तरीही बसवा म्हणाले, आणि मामंजींनी मान हलवली. निघताना त्यांनी चावी मामंजींच्या हातात दिली आणि सांगितलं की स्क्रू पूर्ण आवळून सुरुवात करा, मग थोडा थोडा उघडा, बंदूक स्वतःच काडतूस भरायला लागली की तिथेच थांबा. त्यापुढे उघडलात तर तुमचा डोळा आणि तुम्ही.

रेंजवर गेलो त्या सकाळी नवराही आला होता. मामंजींनी खुर्ची मांडली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या अंतरावर. मला वाटलं होतं आता ते मांडणार नाहीत.

स्क्रू आवळलेला होता. पहिला बार मऊ झाला. पुंगळी बाहेरच आली नाही, हाताने काढावी लागली. त्यांनी चावीने जरासं उघडलं. दुसरी पुंगळी निघाली आणि त्यांच्या पायाशी पडली, पुढचं काडतूस बिनबोभाट आत गेलं. खांदा हललाही नाही. मी नाक पुढे करून वास घेतला. नुसती दारू.

"झालं मामंजी," मी म्हटलं. "इथेच थांबायचं."

त्यांनी चावी पुन्हा लावली. थोडं उघडलं. बार झाला. पुंगळी गवतात पडली, पूर्वी पडायची तिथे. त्यांची मान किंचित हलली.

"बाबा, पुरे," नवरा म्हणाला.

त्यांनी आणखी उघडलं. आता पुंगळी उंच गेली आणि खुर्चीच्या निम्म्या वाटेवर पडली. हिसका मला दिसला, गालापर्यंत गेलेला. मी धावत जाऊन त्यांच्या मनगटाला धरलं. आयुष्यात मी त्यांच्या अंगाला असा हात लावला नव्हता. ते रागावले नाहीत. खुर्चीकडे बघत होते. खुर्चीत ऊन पडलं होतं आणि बाकी काही नव्हतं, आणि त्यांचा तो एकुलता डोळा ते अगदी स्वच्छ बघत होता. लेझरनंतर त्यांना खरोखरच चांगलं दिसायला लागलं होतं.

"आणखी दोन फेरे उघडले तर पोचेल तिथवर," ते म्हणाले.

"पोचेल," मी म्हटलं. "पण तिथे कोणी नाही."

हे इतकं कठोर वाक्य मी का बोलले, माहीत नाही. घाबरले होते. नवऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जमीन दुभंगावी असं वाटलं. मामंजींनी बराच वेळ चावी हातात धरून ठेवली. मग त्यांनी ती स्क्रूत घातली आणि उलट बाजूला फिरवायला लागले. सावकाश. पुंगळी पायाशी पडत होती त्या जागेवर स्क्रू आणून त्यांनी चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"आतां गेली," ते म्हणाले.

आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, भळाभळा, गालावरून शर्टावर. माझा जीव गेला. डॉक्टरांनी काय काय सांगितलं होतं ते सगळं एकदम आठवलं. मी ओरडले, "मामंजी, दिसतंय ना? पडदा आला का? दुखतंय का? सांगा ना!" नवरा गाडीकडे पळालासुद्धा.

मामंजींनी माझा दंड धरला.

"डोळा बरा आहे मा," ते म्हणाले. "मी रडतोंय."